एक गेटवे, दोन राउटर: व्हीआरआरपी गट पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना असो की अलकापुरीतलं सीएचं ऑफिस, पन्नास-साठ कॉम्प्युटरांचा बाहेर जायचा रस्ता बहुतेक ठिकाणी एकाच राउटरमधून जातो. प्रत्येक मशीनच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून एकच पत्ता असतो, समजा १९२.१६८.१०.१. हा पत्ता ज्या डब्याकडे आहे तो डबा बंद पडला की शेजारी दुसरा राउटर चालू असूनही काही फायदा होत नाही, कारण कॉम्प्युटरला त्याचा पत्ता माहीतच नसतो. मग कुणीतरी धावत येतं आणि दुसऱ्या राउटरला हातानं पहिल्याचा पत्ता देतं. तोवर ई-वे बिल निघत नाही आणि भरलेला ट्रक गेटवर उभा असतो.

हा पत्ता दोन राउटरांनी मिळून सांभाळायची पद्धत म्हणजे व्हर्च्युअल राउटर रिडंडन्सी प्रोटोकॉल, थोडक्यात व्हीआरआरपी. डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग करून नुकतेच नेटवर्कच्या कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. आयपी पत्ता, सबनेट, व्हीलॅन एवढं तुम्हाला येतं आणि राउटरमध्ये लॉगिन करून हात चालवता येतो, असं धरून चालतो. आज्ञा आणि बटणांची नावं इथे देवनागरीत आहेत, उपकरणावर ती अर्थातच रोमनमध्ये दिसतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. दोन राउटरांचा असा गट बांधायला अर्धा तास पुरतो. तो गट कशावर नजर ठेवणार हे ठरवायला आणि तपासायला दिवस जातो, आणि तो दिवस द्यायलाच हवा.

गट कसा चालतो

दोन राउटर घ्या, अ आणि ब. अ-चा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१०.२ आणि ब-चा १९२.१६८.१०.३. दोघांचा सामाईक, म्हणजे व्हर्च्युअल पत्ता १९२.१६८.१०.१. हा सामाईक पत्ता पालखीसारखा समजा: खांदेकरी बदलतात, पालखी खाली टेकत नाही. कॉम्प्युटरांना फक्त हा .१ माहीत असतो.

ज्याच्या खांद्यावर पत्ता आहे तो राउटर मास्टर, दुसरा बॅकअप. कोण मास्टर हे प्रायॉरिटी या आकड्यावरून ठरतं: ज्याचा मोठा तो मास्टर. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या आरएफसी ९५६८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजापासून मास्टरला ॲक्टिव्ह म्हणतात, पण बाजारातल्या बहुतेक डब्यांच्या पडद्यावर अजून मास्टरच दिसतं, म्हणून इथे तोच शब्द ठेवतो. मास्टर दर सेकंदाला 'मी जिवंत आहे' असं एक छोटं पॅकेट २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांनी ऐकायच्या, पत्त्यावर सोडतो. या जाहिरातीला टीसीपी किंवा यूडीपी काहीच लागत नाही, ती थेट आयपीवर चालते आणि तिचा प्रोटोकॉल क्रमांक ११२ आहे. हा आकडा लक्षात ठेवा, फायरवॉलमध्ये लागेल. पॅकेटचा टीटीएल, म्हणजे प्रत्येक राउटर ओलांडताना एकनं कमी होणारा आकडा, २५५ असतो आणि २५५ पेक्षा कमी टीटीएलचं पॅकेट फेकून दिलं जातं. त्यामुळे दुसऱ्या नेटवर्कमधून राउटर ओलांडून आलेली खोटी जाहिरात इथे चालत नाही.

बॅकअप किती वेळ वाट पाहतो, याचं गणित एकदा हातानं करून पाहा. तीन जाहिरातींचा वेळ, अधिक स्क्यू टाइम. स्क्यू म्हणजे २५६ मधून स्वतःची प्रायॉरिटी वजा करून आलेल्या आकड्याला २५६ नं भागायचं आणि जाहिरातीच्या अंतरानं गुणायचं. ब-ची प्रायॉरिटी १०० असेल तर १५६ भागिले २५६, म्हणजे सुमारे ०.६१ सेकंद. एकूण ३.६१ सेकंद जाहिरात आली नाही की ब पुढे होतो. ज्याची प्रायॉरिटी जास्त त्याचा स्क्यू कमी, म्हणून तीन-चार बॅकअप असले तरी सगळे एकदम उडी मारत नाहीत. आणि मास्टर नीट बंद केला तर तो जाता जाता प्रायॉरिटी ० असलेली जाहिरात पाठवतो. ती मिळाली की बॅकअप फक्त स्क्यूएवढाच थांबतो, म्हणजे अर्ध्या-पाऊण सेकंदात काम होतं.

पत्त्याबरोबर मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता, हाही सामाईक असतो. आयपीव्ही४ साठी तो ००-००-५ई-००-०१ असा सुरू होतो आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे गटाचा क्रमांक, हेक्साडेसिमलमध्ये. गट १० असेल तर शेवट ०ए, गट २० असेल तर १४. नवा मास्टर आला की तो ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे कुणी न विचारता 'हा आयपी या मॅकवर आहे' अशी घोषणा, पाठवतो, त्यावरून स्विचला कळतं की हा मॅक आता दुसऱ्या पोर्टवर आहे. कॉम्प्युटरच्या एआरपी टेबलमध्ये काहीच बदलत नाही. लिनक्सवर व्हीआरआरपी चालवणारा कीपअलाइव्हड हा प्रोग्राम मात्र सांगितल्याशिवाय हा सामाईक मॅक वापरत नाही, तो इंटरफेसचा खरा मॅकच वापरतो आणि सगळी भिस्त ग्रॅच्युइटस एआरपीवर ठेवतो. 'यूज व्हीमॅक' हा पर्याय चालू केला तरच सामाईक मॅक दिसतो. तपासताना गोंधळू नका.

पहिला व्हीआरआरपी १९९८ च्या आरएफसी २३३८ मध्ये आला. याच कामाचा सिस्कोचा स्वतःचा एचएसआरपी त्याआधीचा, आणि ओपनबीएसडीचा कार्प नंतरचा. पीएफसेन्स ही फायरवॉल वापरत असाल तर तिथे कार्प आहे. तो व्हीआरआरपीशी बोलत नाही, पण प्रोटोकॉल क्रमांक ११२ आणि मॅकची धाटणी तीच वापरतो, म्हणून दोन्ही एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर गट क्रमांक वेगळे ठेवा.

आधी कागद

राउटरला हात लावण्याआधी एक पान लिहून काढा: व्हीलॅन क्रमांक, सबनेट, दोन्ही राउटरांचे खरे पत्ते, सामाईक पत्ता, गट क्रमांक, प्रायॉरिटी.

चालू ऑफिसात हे करत असाल तर जुना गेटवे पत्ता हाच सामाईक पत्ता करा. जुना राउटर .१ वर असेल तर त्याला .२ वर सरकवा, नव्याला .३ द्या आणि .१ गटाला देऊन टाका. असं केलं की एकाही कॉम्प्युटरला, प्रिंटरला, हजेरीच्या मशीनला हात लावावा लागत नाही. हजेरीचं बायोमेट्रिक मशीन आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांच्यात गेटवे बहुधा कुणीतरी हातानं टाकलेला असतो आणि पासवर्ड कुणालाच आठवत नसतो. ते न उघडता काम झालं तर निम्मी डोकेदुखी वाचते.

गट क्रमांक १ ते २५५ मधला काहीही चालतो. मी व्हीलॅनचाच क्रमांक देतो: व्हीलॅन १० ला गट १०. एकाच व्हीलॅनमध्ये दोन वेगळ्या जोड्यांनी एकच क्रमांक घेतला तर दोन्ही एकच मॅक वापरतात आणि नेटवर्क सैरभैर होतं. १ हा क्रमांक टाळा, कारण दुसऱ्या कुणी डबा आणून लावला तर तो पहिल्यांदा १ च घेईल.

प्रायॉरिटी: अ ला १५०, ब ला १००. बरोबरी झाली तर ज्याचा खरा आयपी मोठा तो जिंकतो, पण निकाल आयपीवर सोडू नका. २५५ ही प्रायॉरिटी खऱ्या मालकासाठी राखलेली आहे, म्हणजे ज्याचा स्वतःचा इंटरफेस पत्ताच सामाईक पत्ता आहे त्याच्यासाठी. तुमच्या मांडणीत मालक कुणीच नाही आणि तसंच राहू द्या. मालकाची प्रायॉरिटी कमी करता येत नाही, त्यामुळे पुढची पाळतीची सगळी गोष्टच बाद होते.

डबे कुठे ठेवायचे

दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर आणि एकाच स्विचवर असतील तर दुसरा राउटर घेतल्याचा पैसा निम्मा वाया गेला. शक्य असेल तर प्रत्येक राउटर वेगळ्या स्विचला जोडा, स्विच एकमेकांना दोन केबलनी जोडा आणि दोन यूपीएस दोन वेगळ्या सर्किटवर घ्या.

बडोद्यात आणखी एक गोष्ट बघावीच लागते. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं ते आपण पाहिलं आहे. फतेहगंज, सयाजीगंज, अकोट्याकडच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात रॅक जमिनीला टेकून असेल तर दोन्ही राउटर एकाच वेळी भिजतात आणि त्यावर कुठलाच प्रोटोकॉल नाही. निदान ब तरी वरच्या मजल्यावर ठेवा, मध्ये एक फायबर किंवा चांगली कॅट-६ टाका. शंभर मीटरपर्यंत तांब्याची केबल चालते.

इंटरनेटच्या दोन लाइन दोन कंपन्यांच्या घेतल्या असतील तर खाली उतरून एकदा बघा की दोन्ही केबल इमारतीत कुठून येतात. कंपन्या दोन आणि खांब एकच, असं सर्रास असतं.

बांधणी

आपल्याकडच्या छोट्या-मध्यम ऑफिसांत मायक्रोटिक कंपनीचे राउटर बरेच दिसतात, म्हणून त्यापासून सुरू करू. अ-वर विनबॉक्स, म्हणजे मायक्रोटिकचं सेटिंगचं सॉफ्टवेअर, उघडा. व्हीलॅन १० च्या इंटरफेसला १९२.१६८.१०.२/२४ हा पत्ता दिलेला असला पाहिजे. मग इंटरफेसेसमध्ये व्हीआरआरपी टॅबवर जाऊन अधिकचं चिन्ह दाबा. नाव व्हीआरआरपी१०, इंटरफेस व्हीलॅन१०, व्हीआरआयडी (म्हणजे गट क्रमांक) १०, प्रायॉरिटी १५०, इंटरव्हल १ सेकंद, व्हर्जन ३, प्रीएम्प्शन मोड चालू. आता आयपी, ॲड्रेसेसमध्ये जाऊन १९२.१६८.१०.१/३२ हा पत्ता नव्या व्हीआरआरपी१० इंटरफेसवर टाका. इथे /२४ टाकायचा मोह होतो. /३२ च टाका, नाहीतर एकच सबनेट दोन इंटरफेसवर दिसतं आणि राउटिंग टेबल बिघडतं. ब-वरही हेच, फक्त खरा पत्ता .३ आणि प्रायॉरिटी १००.

मग फायरवॉल. इनपुट चेनमध्ये, शेवटच्या ड्रॉपच्या वर, व्हीलॅन१० वरून येणारा प्रोटोकॉल ११२ स्वीकारण्याचा नियम घाला, दोन्ही राउटरांवर. आणि व्हीआरआरपी१० हा इंटरफेसही लॅनच्या इंटरफेस लिस्टमध्ये टाका. सामाईक मॅककडे आलेला ट्रॅफिक राउटरला या नव्या इंटरफेसवरून आल्यासारखा दिसतो. लिस्टमध्ये तो नसेल तर 'लॅनमधून न आलेलं सगळं अडवा' हा तयार नियम तुमच्याच ऑफिसच्या डीएनएस विचारणा अडवतो. पिंग लागतो, वेबसाइट उघडत नाही आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो.

सगळं नीट असेल तर अ-च्या यादीत व्हीआरआरपी१० समोर एम हे अक्षर दिसेल आणि ब-च्या यादीत बी.

लिनक्सवर कीपअलाइव्हड बसवा. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक व्हीआरआरपी इन्स्टन्स लिहायचा असतो: स्टेट, इंटरफेस, व्हर्च्युअल राउटर आयडी, प्रायॉरिटी, ॲडव्हर्ट इंट आणि व्हर्च्युअल आयपीॲड्रेस. दोन्ही मशीनवर स्टेट 'बॅकअप' लिहिलं तरी चालतं, प्रायॉरिटी पाहून ते आपापसांत ठरवतात. सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल आणि सामाईक मॅक वापरत असाल तर हायपरव्हायजरवर त्या पोर्टला मॅक बदलायची परवानगी द्यावी लागते.

सिस्कोवर इंटरफेस व्हीलॅन १० मध्ये जाऊन 'व्हीआरआरपी १० आयपी १९२.१६८.१०.१', मग 'व्हीआरआरपी १० प्रायॉरिटी १५०', एवढ्यावर गट उभा राहतो. 'शो व्हीआरआरपी ब्रीफ' नं स्थिती बघा.

एक ब्रँड दुसऱ्याशी जोडत असाल तर व्हर्जन दोन्हीकडे एकच ठेवा. व्हर्जन २ मध्ये जाहिरातीचं अंतर दोघांचं वेगळं असेल तर पॅकेट फेकलं जातं. व्हर्जन ३ मध्ये बॅकअप मास्टरचंच अंतर उचलतो. कीपअलाइव्हडमध्ये आठ अक्षरांचा पासवर्ड टाकता येतो, पण तो फक्त व्हर्जन २ साठी आहे आणि तारेवर उघडाच जातो. त्याच्यावर सुरक्षा म्हणून विसंबू नका. लॅनमध्ये बसलेला कुणीही २५५ प्रायॉरिटीची जाहिरात सोडून गेटवे पळवू शकतो, म्हणून ज्या स्विच पोर्टवर कर्मचाऱ्यांचे कॉम्प्युटर आहेत तिथून येणारा प्रोटोकॉल ११२ एसीएल, म्हणजे परवानगीची यादी, लावून स्विचवरच अडवा.

पाळत

इथे थांबून वाचा. आत्तापर्यंत बांधलेला गट फक्त एवढंच पाहतो की लॅनच्या बाजूनं समोरच्याची जाहिरात येते आहे की नाही. अ-ची इंटरनेट लाइन तुटली तर अ-च्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नाही. तो दर सेकंदाला जाहिरात सोडत राहतो, ब शांत बसतो, आणि ऑफिसातली सगळी पॅकेटं अ-कडे जाऊन तिथेच मरतात. गेटवेला पिंग लागतो, इंटरनेट नाही. पडद्यावर सगळं हिरवं. दोन राउटर असूनही बंद पडलेली जी ऑफिसं मी पाहिली, त्यांतली बरीचशी याच कारणानं बंद होती.

म्हणून अ-ला सांगावं लागतं: तुझी बाहेरची वाट बंद झाली तर तुझी प्रायॉरिटी कमी कर.

किती कमी करायची? अ १५०, ब १००. चाळीस कमी केले तर अ ११० वर येतो, अजून ब-पेक्षा वरच, म्हणजे काहीच होत नाही. साठ कमी केले तर ९०, आणि ब पुढे येतो. फरकापेक्षा वजावट मोठी हवी, हे कागदावर लिहून ठेवा. उद्या कुणी ब-ची प्रायॉरिटी बदलली तर हा हिशेब गुपचूप चुकतो.

वाट बंद आहे हे ओळखायचं कसं? नुसता इंटरफेस वर आहे का खाली, हे पाहून भागत नाही. फायबर तुटली की भिंतीवरच्या ओएनटीवर, म्हणजे फायबर जिथे संपते त्या डब्यावर, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो, पण ओएनटी आणि राउटर यांच्यामधली इथरनेट केबल शाबूत असते. राउटरच्या पोर्टवरचा हिरवा दिवा तसाच लुकलुकत राहतो आणि राउटर समजतो, आपण ठीक आहोत. म्हणून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करून पाहावं लागतं. ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे दोन वेगळ्या मालकांचे पत्ते घ्या आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन गेली असं माना. एकच पत्ता घेतला आणि तोच काही वेळ उत्तर देईनासा झाला तर चांगली लाइन सोडून तुम्ही उगाच पळाल.

आणखी एक खाच. या दोन पत्त्यांसाठी अ-वर स्वतंत्र /३२ रूट टाका, फक्त त्याच लाइनच्या गेटवेकडे जाणारे. अ-ला दुसरी पर्यायी वाट असेल, ब-मधून जाणारी का होईना, तर पिंग त्या वाटेनं जाऊन यशस्वी परत येतो. तपासणी म्हणते लाइन चालू, आणि लाइन तर गेलेली आहे.

मायक्रोटिकवर हे नेटवॉच या पिंग तपासणाऱ्या साधनात बसतं: डाउन स्क्रिप्टमध्ये व्हीआरआरपी१० ची प्रायॉरिटी ९० करा, अप स्क्रिप्टमध्ये परत १५०. दोन्ही पत्ते गप्प आहेत का, ही अट स्क्रिप्टमध्येच लिहावी लागते. सिस्कोवर आयपी एसएलए (पिंगची तपासणी) आणि ट्रॅक (तिच्या निकालावर नजर), मग 'व्हीआरआरपी १० ट्रॅक १ डिक्रिमेंट ६०'. कीपअलाइव्हडमध्ये व्हीआरआरपी स्क्रिप्ट लिहून तिला वजन उणे ६० द्या, फॉल ३, राइज ५: तीनदा चुकली तर पडली, पाचदा सलग जमली तर उठली. पडायला घाई आणि उठायला सावकाश असंच ठेवा, नाहीतर पावसात खालीवर होणाऱ्या लाइनबरोबर गेटवेही नाचत राहतो. वजन दिलंच नाही तर स्क्रिप्ट पडल्यावर इन्स्टन्स सरळ फॉल्टमध्ये जातो आणि जाहिरात थांबवतो. हेही चालतं, पण मग दोन्ही लाइन एकदम गेल्या तर दोघेही फॉल्टमध्ये जातात आणि गेटवे पत्ताच कुणाकडे राहत नाही. एका व्हीलॅनमधून दुसऱ्या व्हीलॅनमधल्या सर्व्हरवरचं टॅलीसुद्धा त्यात बंद पडतं. उणे वजनाची पद्धत म्हणून मला जास्त पटते.

प्रीएम्प्ट

प्रीएम्प्ट चालू म्हणजे जास्त प्रायॉरिटीचा राउटर आला की तो पत्ता परत घेतो. व्हीआरआरपीत हे मुळातच चालू असतं, एचएसआरपीत बंद. 'परत-परत बदल नको' म्हणून कित्येक जण ते बंद करतात. ब-वर मात्र ते बंद करू नका. अ-नं प्रायॉरिटी ९० केली तरी तो जाहिरात करतोच आहे. ब-वर प्रीएम्प्ट बंद असेल तर कमी प्रायॉरिटीची जाहिरातसुद्धा तो मान्य करतो आणि बसून राहतो. तुमची सगळी पाळत फुकट.

अ-वर ते चालू ठेवायचं असेल तर उशीर लावा. राउटर सुरू झाल्याबरोबर लॅन पोर्ट वर येतं, पण पीपीपीओई (इंटरनेट कंपनीकडचं लॉगिन) डायल व्हायला आणि रूट बसायला वेळ लागतो. त्याआधीच अ-नं पत्ता ओढून घेतला तर चालू असलेलं ऑफिस तो बंद पाडतो. सिस्कोवर 'प्रीएम्प्ट डिले मिनिमम ६०', कीपअलाइव्हडमध्ये प्रीएम्प्ट डिले. मायक्रोटिकवर मी प्रायॉरिटी मुळात ९० च ठेवतो आणि नेटवॉचच्या अप स्क्रिप्टलाच ती १५० वर न्यायला सांगतो. लाइन खरंच लागली की मगच तो वर चढतो.

स्विचवर राउटरच्या पोर्टला एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट लावा. जुन्या स्पॅनिंग ट्रीत, म्हणजे स्विचमधले फेरे (लूप) रोखणाऱ्या पद्धतीत, पोर्ट पुढे पाठवायला लागेपर्यंत १५ आणि १५ असे ३० सेकंद जातात. तेवढ्या वेळात राउटरला कुणाचीच जाहिरात ऐकू येत नाही, तो स्वतःला मास्टर समजतो आणि दोन मास्टर होतात.

डीएचसीपी, डीएनएस आणि तुटणारी सत्रं

डीएचसीपीतून जाणारा गेटवे .१ असला पाहिजे, .२ नाही. राउटरच डीएनएस देत असेल तर डीएनएसही .१ द्या. डीएचसीपी सर्व्हर फक्त अ-वर असेल तर अ गेल्यावर नव्या मोबाइल-लॅपटॉपला पत्ता मिळत नाही. सोपा मार्ग: दोन्हीवर सर्व्हर चालवा, अ-ला ५० ते १४९ आणि ब-ला १५० ते २४९ अशी वाटणी करा. ऑथॉरिटेटिव्ह हे सेटिंग बघून घ्या, एक सर्व्हर दुसऱ्यानं दिलेल्या पत्त्याला नकार देत बसता कामा नये.

दोन लाइन दोन कंपन्यांच्या असतील तर बदलाच्या वेळी बाहेर दिसणारा पब्लिक पत्ताही बदलतो. चालू असलेली जोडणी तुटते: व्हीपीएन पडतं, व्हिडिओ कॉल क्षणभर थिजतो, बँकेचं पोर्टल लॉगिनवर फेकतं. याला उपाय नाही, हे मालकांना आणि अकाउंट्समधल्या मंडळींना आधीच सांगा. लाइन एकच असेल आणि पब्लिक पत्ताही सामाईक असेल, तर लिनक्सवर कॉनट्रॅकडी किंवा मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीतलं कनेक्शन ट्रॅकिंग सिंक वापरून सत्रं वाचवता येतात. पण ते पहिल्या महिन्यात करू नका.

व्हीलॅन अनेक असतील तर सगळे गट एकदम हलले पाहिजेत. व्हीलॅन १० ब-कडे आणि २० अजून अ-कडे अशी स्थिती झाली तर जाणारं पॅकेट एका फायरवॉलमधून आणि येणारं दुसऱ्यामधून जातं आणि अडकतं. कीपअलाइव्हडमध्ये यासाठी सिंक ग्रुप आहे. नसेल तर पाळतीची स्क्रिप्ट सगळ्या गटांची प्रायॉरिटी एकाच वेळी बदलेल असं लिहा.

चाचणी

महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची घाई असते, ते दिवस सोडा. आपल्याकडे सगळ्यात सोयीचा काळ दिवाळी ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी), कारखाने बंदच असतात. उत्तरायणाची (संक्रांतीची) सुट्टीही चालते, गच्चीवरून हाक आली तरी तासभर थांबा.

एका लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडा: ८.८.८.८ ला सतत पिंग, .२ ला सतत पिंग, .३ ला सतत पिंग. .१ ला पिंग लागलाच पाहिजे असं नाही. मूळ नियमाप्रमाणे मालक नसलेला मास्टर सामाईक पत्त्यावर आलेल्या पिंगला उत्तर देत नाही, ॲक्सेप्ट मोड चालू असेल तरच देतो. बरेच ब्रँड देतात, पण न दिल्यास घाबरू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपीची यादी काढून .१ समोर तो ०ए नं संपणारा मॅक दिसतो का, ते पाहा.

मग एकेक करून: अ-ची वीज काढा. तीन-चार पिंग जातील आणि परत सुरू होतील. वीज द्या आणि अ परत येताना किती पिंग जातात तेही मोजा, तिथेच जास्त जातात. पुढे अ-ची लॅन केबल काढा. मग वॅन, म्हणजे इंटरनेटच्या बाजूची, केबल. आणि सगळ्यात महत्त्वाची चाचणी: केबल तशीच ठेवून ओएनटीमधली फायबरची हिरवी पिन अलगद काढा. लाल दिवा लागेल, राउटरचा दिवा हिरवाच राहील, आणि तुमच्या पाळतीनं ठरवलेल्या वेळात ऑफिस ब-वर जायला हवं. हे झालं नाही तर काम पूर्ण झालेलं नाही, बिल देऊ नका. पिनेच्या टोकाला बोट लावू नका, आत डोळा घालून पाहू नका.

शेवटी एका चालत्या मशीनवर खरं काम करून बघा: प्रिंट काढा, टॅली उघडा, नवा मोबाइल वायफायला जोडा.

दोघेही मास्टर दिसले तर

याचा अर्थ एकच: ब-ला अ-ची जाहिरात पोचत नाही, किंवा पोचून फेकली जाते. आधी खऱ्या पत्त्यांवरून .२ वरून .३ ला पिंग करा. तो लागत नसेल तर व्हीलॅन किंवा केबलचा घोळ आहे. लागत असेल तर ब-वर पॅकेट स्निफर लावून प्रोटोकॉल ११२ गाळा. पॅकेट दिसत नसेल तर मधल्या स्विचचं आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट गाळायची सोय) तपासा. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते स्विचनं अडवायचे नसतात, पण काही स्वस्त स्विच अडवतात. पॅकेट दिसतं आहे आणि तरी ब मास्टर आहे, तर फायरवॉल, व्हर्जन, गट क्रमांक, अंतर आणि पासवर्ड या क्रमानं दोन्हीकडची सेटिंग शेजारी-शेजारी ठेवून ताडा. फायरवॉलच निघते बहुधा.

कळवण्याची सोय

गट नीट चालला की कुणालाच काही कळत नाही, आणि तिथे एक धोका आहे. अ एखाद्या रात्री जळतो, ब पत्ता उचलतो, सकाळी ऑफिस नेहमीसारखं चालू. पुढे महिनोन् महिने ऑफिस एकाच राउटरवर चालतं आणि ते कुणाला माहीत नसतं. म्हणून मायक्रोटिकच्या ऑन मास्टर आणि ऑन बॅकअप या स्क्रिप्टमधून, किंवा कीपअलाइव्हडच्या नोटिफायमधून, प्रत्येक बदलाला ईमेल किंवा टेलिग्राम मेसेज जाईल असं करा. त्यात राउटरचं नाव, गट क्रमांक, नवी स्थिती आणि वेळ एवढं पुरे. वेळ बरोबर दिसायला दोन्ही राउटरांवर एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू हवं, नाहीतर कोण आधी पडलं ते लॉगवरून लागत नाही. मेसेज दोन माणसांना जाऊ द्या, एक तुम्ही आणि एक त्या ऑफिसातलं कुणीतरी. शिवाय .२ आणि .३ या खऱ्या पत्त्यांवर नेटवर्कमधल्या दुसऱ्या एखाद्या मशीनवरून दर पाच मिनिटांनी पिंगची नजर ठेवा, कारण बॅकअप म्हणून बसलेला ब मेला तर स्थिती बदलतच नाही आणि एकही मेसेज येत नाही.